मराठी प्रबंध लाटेकमध्ये: नकाशे प्रकरणाच्या शेवटी जातात, ओळी समासात घुसतात, तक्ता मावत नाही

अर्धविराम

नमस्कार. भूजलावरचा मराठी प्रबंध झीलाटेकमध्ये (लाटेक या अक्षरजुळणी प्रणालीचं युनिकोड फॉन्ट घेणारं रूप) लावते आहे. ए४ कागद, रिपोर्ट क्लास, १२ पॉइंट. मजकुराची रुंदी १५ सेंमी, उंची २२ सेंमी. मुख्य फॉन्ट शोभिका, शीर्षकांना मुक्ता, भाषेसाठी पॉलीग्लॉसिया. कमांडची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिते आहे, उत्तरांतही तसंच चालेल. फाइलमध्ये ती रोमनमध्ये बॅकस्लॅश लावूनच आहेत.

अडचणी अशा:

चौथ्या प्रकरणात तालुक्यांचे तीन नकाशे आहेत, प्रत्येक १६ सेंमी उंच. सगळ्या आकृत्यांना मी [एच] दिलं आहे. तरी पहिल्या नकाशापासून पुढच्या सगळ्या आकृत्या, अगदी ६ सेंमीचे छोटे आलेखसुद्धा, प्रकरण संपल्यावर एकगठ्ठा येतात. छोट्या आलेखांना उद्गारचिन्ह लावून पाहिलं, काही फरक नाही.

लॉगमध्ये ‘ओव्हरफुल एचबॉक्स’चे, म्हणजे ओळ रुंदीत मावली नाही असे, १४० इशारे आहेत. काही ठिकाणी शब्द उजव्या समासात चांगला अर्धा सेंमी बाहेर दिसतो.

पाच रकान्यांचा तक्ता आहे. प्रत्येक रकाना ३ सेंमी, म्हणजे बरोबर १५ व्हायला हवेत. पण तक्ता दोन सेंमी बाहेर जातो.

परिच्छेदात ओळींमधलं अंतर एकसारखं नाही. ‘राष्ट्रीय’, ‘कर्तृत्व’ असे शब्द आले की पुढची ओळ खाली सरकते.

मजकूर नीट दिसतो, पण शीर्षकांत ‘विहिरी’मधल्या ऱ्हस्व वेलांट्या अक्षराच्या नंतर येतात. तक्त्यांच्या मथळ्यातला शब्द ठरवणाऱ्या ‘टेबलनेम’ची व्याख्या बदलून ‘तक्ता’ केलं, तरी छापताना ते लागू होत नाही.

परिशिष्टातल्या मुलाखती जुन्या डीटीपी फॉन्टात टाइप केलेल्या आहेत. त्या चिकटवल्या की नुसती रोमन अक्षरं आणि चिन्हं उमटतात.

शेवटचं, संदर्भसूचीत ‘महाराष्ट्र शासन’ हे ‘शासन, महाराष्ट्र’ असं छापलं जातं.

रफार

लिपीचा भाग मी घेतो.

युनिकोडमध्ये ‘वि’ साठवताना आधी व आणि मग वेलांटी असते. छापताना वेलांटी अक्षराच्या आधी नेणं, जोडाक्षरं बांधणं, रफार शेवटच्या अक्षरावर चढवणं हे काम शेपिंग इंजिनाचं, आणि देवनागरीचे नियम लाव असं सांगितल्याशिवाय ते काम होत नाही. मुख्य फॉन्टाला तुम्ही ‘स्क्रिप्ट=देवनागरी’ दिलं असणार, मुक्ताला द्यायचं राहिलं आहे. पॉलीग्लॉसियात मराठीसाठी तीन वेगळी कुटुंबं ठरवता येतात: मराठीफॉन्ट, मराठीफॉन्टएसएफ आणि मराठीफॉन्टटीटी. तिन्ही ‘न्यूफॉन्टफॅमिली’ने बांधा आणि तिन्हींच्या चौकोनी कंसात स्क्रिप्ट=देवनागरी, लँग्वेज=मराठी लिहा. तुमची शीर्षकं मुक्तात, म्हणजे सॅन्ससेरिफमध्ये आहेत, म्हणून एसएफवालं विसरलं की मजकूर शाबूत राहतो आणि शीर्षकं मोडतात. टीटीवालं विसरलं की तीच मोडतोड संकेतस्थळांच्या पत्त्यांत किंवा कोडच्या तुकड्यांत दिसते.

‘लँग्वेज=मराठी’ शोभेसाठी नाही. काही फॉन्टांत मराठी वळणाचे ल आणि श हिंदी वळणापेक्षा वेगळे दिलेले असतात आणि ते या एका शब्दाने चालू होतात. मराठी प्रबंधात हिंदी वळणाचा ल दिसू नये असं मला मनापासून वाटतं. फॉन्टात ती सोय नसेल तर लॉगमध्ये एक इशारा येतो, त्याने काही बिघडत नाही.

लुआलाटेककडे वळलात तर याच कंसात ‘रेंडरर=हार्फबझ’ हेही घाला. त्याशिवाय काही फॉन्टांत जोडाक्षरं चुकतात. आणि ओव्हरलीफवर (लाटेक ऑनलाइन चालवायचं संकेतस्थळ) काम असेल तर मेनूमधला कंपायलर झीलाटेक आहे ना ते बघा, कारण नव्या प्रकल्पाला तिथे पीडीएफलाटेक लागलेलं असतं आणि ते हे फॉन्ट घेतच नाही.

टेबलनेमचं कारण वेगळं आहे. तुम्ही प्रीअँबलमध्ये, म्हणजे फाइलीच्या सुरुवातीच्या मांडणीच्या भागात, व्याख्या बदलता, पण ‘बिगिन डॉक्युमेंट’ आलं की पॉलीग्लॉसिया मराठीचे सगळे मथळे पुन्हा लावतं आणि तुमचा बदल पुसला जातो. म्हणून तो बदल मथळ्यांच्या यादीतच घुसवायचा: ‘जीॲपटू’ कमांड, पुढे कॅप्शन्समराठी, आणि महिरपी कंसात तुमची रिन्यूकमांडची ओळ. जीॲपटू ही ईटूलबॉक्स पॅकेजातली कमांड आहे. पॉलीग्लॉसियाऐवजी बेबेल वापरणाऱ्यांनी यासाठी ‘सेटलोकेलकॅप्शन’ वापरावं.

पानांचे, प्रकरणांचे, आकृत्यांचे अंक देवनागरीत हवे असतील तर मराठी भाषा ठरवतानाच न्यूमरल्स=देवनागरी असं स्पष्ट लिहा. हे फक्त लाटेक स्वतः मोजतं त्या आकड्यांना लागू होतं. मजकुरात हाताने टाइप केलेले आकडे जसे टाइप केले तसेच राहतात. तक्त्यातली पाणीपातळी ‘7.4’ आणि आकृतीचा क्रमांक ‘४.२’ अशी सरमिसळ व्हायला नको, तेव्हा आकडेवारीची सारणी आधीच एका लिपीत करून घ्या.

परिशिष्टाबद्दल: त्या जुन्या फाइलींत देवनागरी अक्षरं नाहीतच. रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे रंगवलेले फॉन्ट आहेत. फॉन्ट काढला की आतली रोमन अक्षरं उघडी पडतात. लाटेकमध्ये यावर इलाज नाही, आधी त्या फॉन्टाच्या परिवर्तकाने मजकूर युनिकोडमध्ये आणावा लागतो. परिवर्तनानंतर तीन गोष्टी हमखास बिघडलेल्या सापडतात, त्या शोधून दुरुस्त करा: ऱ्हस्व वेलांटीची जागा, रफाराची जागा, आणि ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्याने’, ‘कोऱ्हाळे’ यांतला अर्धा र. तो ऱ, हलन्त आणि पुढचं अक्षर असा टाइप व्हायला हवा. साधा र वापरला तर ‘दुसर्या’ उमटतं. काही कळफलक साधा र, हलन्त आणि अदृश्य जोडणीखूण अशा क्रमाने तेच रूप देतात. छपाईत दोन्ही सारखेच दिसतात, पण शोध घेताना एक सापडतं आणि दुसरं निसटतं. पूर्ण फाइलभर एकच पद्धत करून घ्या.

एखादं अक्षर फॉन्टात नसलं तर लाटेक ते गाळून पुढे जातं. प्रीअँबलमध्ये ‘ट्रेसिंगलॉस्टकॅरॅक्टर्स=३’ लिहा (फाइलमध्ये या कमांडचा ‘कॅरॅक्टर्स’ हा भाग आखूड, फक्त चार रोमन अक्षरांत असतो आणि शेवटी एस). मग गळलेल्या प्रत्येक अक्षरावर काम थांबतं आणि चूक त्या जागीच कळते. छापील प्रतीत शोधत बसावं लागत नाही.

जुळारी

नकाशांचं बघू. यात लाटेक अगदी नियमाने वागतं आहे, फक्त ते नियम समोर नसतात.

[एच] म्हणजे ‘इथेच ठेव’ असा हुकूम नाही, ‘इथे मावली तर ठेव’ एवढीच परवानगी आहे. १६ सेंमीचा नकाशा, खाली दोन ओळींची चित्रओळ आणि मधली जागा धरून साधारण १७.५ सेंमी होतात. पानाच्या मध्यावर एवढी जागा नसतेच. मग लाटेक स्वतःहून एचचं एचटी करतं, म्हणजे पुढच्या पानाच्या माथ्यावर ठेवायचा प्रयत्न करतं. लॉगमध्ये तसा इशाराही सापडेल. पण माथ्यावरच्या आकृत्यांनी पानाचा किती भाग घ्यावा याला मर्यादा आहे, तिचं नाव टॉपफ्रॅक्शन, मूळ किंमत ०.७. तुमच्या २२ सेंमीचे ०.७ म्हणजे १५.४. नकाशा १७.५ चा. तो प्रत्येक पानावर नाकारला जातो. आकृत्यांसाठी स्वतंत्र पान करायची परवानगी, म्हणजे ‘पी’, तुम्ही दिलेलीच नाही. त्यामुळे नकाशा रांगेत उभा राहतो, तो प्रकरण संपून क्लिअरपेज (साचलेल्या आकृत्या छापून नवं पान सुरू करणारी कमांड) येईपर्यंत.

आता छोटे आलेख का अडकले. एकाच जातीच्या आकृत्यांचा क्रम लाटेक मोडत नाही. आकृती ४.३ छापल्याशिवाय ४.४ छापली जाणार नाही. नकाशा दारात अडला की मागची सगळी रांग अडते. उद्गारचिन्हाने मर्यादा सैल होतात, क्रम सैल होत नाही, म्हणून मागच्या आलेखांना ते लावून उपयोग झाला नाही. तक्त्यांची रांग वेगळी असते, त्यामुळे तुमचे तक्ते मात्र जागेवर येत असतील.

दुरुस्ती: सगळीकडे [टीबीपी] (माथा, तळ किंवा स्वतंत्र पान) करा, नकाशांना फक्त [पी] दिलं तरी चालेल. एवढ्याने रांग मोकळी होईल. नकाशा मजकुराबरोबर एकाच पानावर हवा असेल तर इन्क्लुडग्राफिक्सच्या कंसात हाइट=०.६२ टेक्स्टहाइट द्या. १३.६ सेंमी नकाशा आणि दीड सेंमी चित्रओळ मिळून १५.१ होतात, म्हणजे मर्यादेच्या आत. गावांची नावं वाचता येतात का तेवढं छापून बघा. येत नसतील तर नकाशाला पूर्ण पानच द्यावं, तो त्याचा हक्क आहे.

मर्यादा वाढवायच्या असतील तर एकटी टॉपफ्रॅक्शन वाढवू नका. चार आकडे एकत्र बघायचे: टॉपफ्रॅक्शन ०.८५, बॉटमफ्रॅक्शन ०.५, टेक्स्टफ्रॅक्शन ०.१, फ्लोटपेजफ्रॅक्शन ०.७. यातला शेवटचा नीट समजून घ्या. स्वतंत्र आकृतीपान करायचं तर ते निदान इतकं भरलेलं असावं अशी ती अट आहे, मूळ किंमत ०.५. पुष्कळजण अर्धी रिकामी पानं टाळायला ती ०.९ करतात आणि टॉपफ्रॅक्शन ०.७ वर तशीच ठेवतात. मग पानाच्या ०.७ ते ०.९ एवढ्या उंचीची आकृती माथ्यावर ठेवायला मोठी आणि स्वतंत्र पानाला लहान ठरते. तिला कुठेच जागा नाही, आणि ती पुन्हा पूर्ण रांग अडवते. फ्लोटपेजफ्रॅक्शन नेहमी टॉपफ्रॅक्शनपेक्षा कमी ठेवायची.

फ्लोट पॅकेजातला मोठा [एच] तुम्हाला कोणीतरी सुचवेलच. तो खरोखर ‘इथेच’ ठेवतो, पण ९ सेंमीची आकृती आणि पानात उरलेली जागा ७ सेंमी असेल तर ते ७ सेंमी कोरे सोडून आकृती पुढच्या पानावर नेतो. कृतीच्या पायऱ्यांमधल्या छोट्या चित्रांना ठीक आहे, २१० पानांच्या प्रबंधात सरसकट नको.

आणखी एक. लेबल कॅप्शनच्या नंतर लिहा. आधी लिहिलं तर ते आकृतीचा क्रमांक न धरता उपविभागाचा धरतं, आणि मजकुरात ‘आकृती ४.२’च्या ऐवजी भलताच आकडा येतो. यावर इशारा येत नाही, म्हणून ही चूक फार उशिरा सापडते.

अर्धविराम

टीबीपी केलं आणि रांग सुटली. मुक्ताचंही झालं. धन्यवाद.

पण आता नवीनच दिसतं आहे. ‘४.३ विहिरींची पाहणी’ हा उपविभाग पानाच्या मध्यावर सुरू होतो आणि त्याचा आलेख त्याच पानाच्या माथ्यावर, म्हणजे शीर्षकाच्याही आधी, ४.२ च्या मजकुरावर बसला आहे. वाचणाऱ्याला तो ४.२ चा वाटेल. उलट ४.२ चा शेवटचा तक्ता ४.३ च्या आत घुसला आहे.

जुळारी

दोन्हींवर उपाय आहे. फ्लाफ्टर पॅकेज नुसतं लोड करा. मग आकृती तिच्या कोडच्या जागेच्या आधी येत नाही, माथ्यावर जायचं असेल तर पुढच्या पानाच्या माथ्यावर जाते.

तक्ता पुढच्या उपविभागात शिरू नये यासाठी प्लेसइन्स पॅकेज आणि त्यातली फ्लोटबॅरिअर कमांड. ही भिंत ओलांडून कोणतीच आकृती पुढे जात नाही. पॅकेजाला ‘सेक्शन’ हा पर्याय दिला तर प्रत्येक सेक्शनच्या आधी भिंत आपोआप उभी राहते. मात्र काही आकृत्या बाकी असतील तर तिथे पान तुटतं आणि मागे कोरी जागा राहते. ‘बिलो’ हा पर्याय जोडलात तर आकृती त्याच पानावर पुढच्या शीर्षकाच्या खाली उतरू शकते आणि ती कोरी जागा बरीच कमी होते. सरसकट भिंती घालण्यापेक्षा मी तुमच्या जागी दोन-चार ठिकाणीच हाताने घालेन.

पान न तोडता साचलेल्या आकृत्या बाहेर काढायच्या असतील तर आफ्टरपेज पॅकेज घ्या आणि आफ्टरपेजच्या महिरपी कंसात क्लिअरपेज लिहा. चालू पान मजकुराने पूर्ण भरतं आणि ते संपल्यावरच साचलेल्या आकृत्या छापल्या जातात. तीन नकाशे ओळीने आहेत तिथे हे फार उपयोगी पडेल.

पायटीप

ओळी, तक्ता आणि ओळींमधलं अंतर.

१४० इशाऱ्यांना घाबरू नका. प्रत्येक इशाऱ्यात ओळ किती पॉइंट बाहेर गेली ते लिहिलेलं असतं. एक पॉइंट म्हणजे साधारण ०.३५ मिमी. एका पॉइंटाच्या आतलं डोळ्याला दिसत नाही, ‘एचफझ=१ पीटी’ लिहिलं की ते इशारे यादीतून जातात. उरलेले पानावर दिसावेत म्हणून ‘ओव्हरफुलरूल=५ पीटी’ लिहा, बाहेर गेलेल्या ओळीशेजारी काळी पट्टी उमटते. ड्राफ्ट पर्यायानेही पट्टी येते, पण त्यात चित्रांच्या जागी रिकाम्या चौकटी येतात आणि पानांचा अंदाज बघणं अवघड होतं.

पहिलं बघायचं म्हणजे शब्द तोडण्याचे मराठीचे नियम बसवलेले आहेत का. टेक लाइव्हमध्ये ते ‘हायफन-इंडिक’ या गठ्ठ्यात येतात, आणि उबुंटू-डेबियनवर ‘टेकलाइव्ह-लँग-अदर’ बसवलं की मिळतात. ते नसतील तर मराठी शब्द तुटतच नाही आणि ‘जलसंधारणविषयक’ किंवा ‘पाणलोटक्षेत्रातील’ असा शब्द ओळीच्या टोकाला आला की सरळ समासात जातो. नियम बसवल्यावर तुमचे निम्म्याहून जास्त इशारे गेले तर मला नवल वाटणार नाही. मात्र तोडलेल्या शब्दाचा तुकडा निदान किती लांब असावा हे ठरवताना टेक (लाटेकच्या खालचं मूळ इंजिन) अक्षरं मोजत नाही, युनिकोडची चिन्हं मोजतं. वेलांटी, काना हेही त्याला एकेक. म्हणून किमान २ असलं तरी ओळीच्या शेवटी नुसतं ‘वि-’ राहू शकतं, जे मराठी डोळ्याला खटकतं. बिगिन डॉक्युमेंटच्या नंतर ‘लेफ्टहायफनमिन=४’ आणि ‘राइटहायफनमिन=४’ करा.

मग ‘इमर्जन्सीस्ट्रेच=३ ईएम’. आधीच्या दोन प्रयत्नांत परिच्छेद बसला नाही तरच टेक हे वापरतं, म्हणून चांगल्या परिच्छेदांना याचा धक्का लागत नाही. ‘स्लॉपी’ पूर्ण प्रबंधाला लावू नका. त्याने टॉलरन्स (फटी किती ताणलेल्या चालतील ती मर्यादा) २०० वरून ९९९९ वर जातो आणि एखाद्याच ओळीत शब्दांमध्ये बोट घालावं एवढ्या फटी पडतात. अडलेल्या एका परिच्छेदापुरतं ‘स्लॉपीपार’ हे एन्व्हायर्नमेंट आहे.

मराठीत वारंवार अडणारी एक जागा सांगतो. ‘सामाजिक-आर्थिक’सारख्या जोडशब्दात तुम्ही हायफन टाइप केलेलं असतं, आणि टेक असा शब्द फक्त त्या हायफनापाशीच तोडतं, दोन्ही बाजूंचे तुकडे अखंड ठेवतं. हायफनानंतर ‘एचस्पेस’ शून्य पॉइंटाचा लिहिला तर पुढचा तुकडाही तुटू शकतो. ‘तालुका/जिल्हा’मधल्या तिरप्या रेघेपाशी ओळ तुटत नाही, तिथे रेघेच्या जागी ‘स्लॅश’ कमांड वापरा. संदर्भसूचीतले लांबलचक दुवे एक्सयूआरएल पॅकेजाने कुठेही तुटतात.

तक्ता. रकान्यांची बेरीज १५ सेंमी बरोबर आहे, पण प्रत्येक रकान्याच्या दोन्ही बाजूंना ६ पॉइंटांची गादी असते, तिचं नाव टॅबकॉलसेप. पाच रकाने, प्रत्येकी १२ पॉइंट, म्हणजे ६० पॉइंट, म्हणजे २१ मिमी. तुमचे दोन सेंमी हेच. रकान्याची रुंदी अशी लिहा: डिमएक्सप्र, ०.२ लाइनविड्थ, उणे २ टॅबकॉलसेप, रिलॅक्स. पाच वेळा हेच केलं की बेरीज नेमकी ओळीएवढी होते. उभ्या रेघा असतील तर प्रत्येकी ०.४ पॉइंट आणखी धरा. माझं मत विचाराल तर उभ्या रेघा काढाच, बुकटॅब्सच्या तीन आडव्या रेघांनी आकडे जास्त स्वच्छ वाचता येतात. रुंदीचा हिशोब नकोच असेल तर टॅब्युलरएक्स घ्या आणि मजकुराच्या रकान्यांना एक्स द्या. तक्ता एका पानात मावत नसेल तर लाँगटेबल, पण तो टेबल एन्व्हायर्नमेंटच्या आत ठेवायचा नाही, ठेवला की पुढच्या पानावर जायची त्याची सोयच जाते.

तक्ता मावत नाही म्हणून रिसाइजबॉक्सने दाबणं वाईट. प्रत्येक तक्त्यातला टाइप वेगळ्या मापाचा होतो, आणि देवनागरीत अनुस्वार आणि उकार सगळ्यात आधी नाहीसे होतात. त्यापेक्षा ‘स्मॉल’ वापरा किंवा तक्ता आडव्या पानावर न्या. अरुंद रकान्यात दोन्ही कडा सरळ ठेवायचा हट्ट सोडा. ॲरे पॅकेज घेऊन रकान्याच्या आधी रॅगेडराइट आणि ॲरेबॅकस्लॅश लावलं की फटी जातात. वेलांट्या वरच्या रेघेला चिकटत असतील तर ‘एक्स्ट्रारोहाइट=३ पीटी’. ‘ॲरेस्ट्रेच’ ओळीला वर-खाली दोन्हीकडे ताणतं, हे फक्त वर जागा देतं, आणि आपल्याला वरच हवी असते.

ओळींमधलं अंतर. १२ पॉइंटाच्या क्लासमध्ये एका ओळीच्या तळापासून पुढच्या ओळीच्या तळापर्यंत १४.५ पॉइंट असतात. हे माप रोमन अक्षरांसाठी ठरलेलं आहे. आपल्याकडे शिरोरेषेच्या वर वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली ‘ष्ट्र’, ‘तृ’, उकार. वरच्या ओळीतला ‘ष्ट्र’ आणि खालच्या ओळीतली वेलांटी एकमेकांना टेकायला आल्या की टेक ठरलेलं अंतर सोडून देतं आणि दोन ओळींत एक पॉइंटाची फट ठेवून खालची ओळ ढकलतं. जिथे टेकत नाहीत तिथे १४.५, जिथे टेकतात तिथे जास्त, म्हणून परिच्छेद हिंदकळतो. ‘लाइनस्प्रेड’ १.२५ करा, अंतर १८.१ पॉइंट होईल आणि टक्कर जवळजवळ संपेल. उरलेल्या एखाददुसऱ्या ठिकाणासाठी ‘लाइनस्किपलिमिट=-२ पीटी’ ठेवलं की दोन पॉइंटांपर्यंतची जवळीक टेक चालवून घेतं.

विद्यापीठाची अट ‘दीड ओळ’ अशी असते. सेटस्पेस पॅकेजाचं वनहाफस्पेसिंग १२ पॉइंटाला १.२४१ ने गुणतं, म्हणजे बरोबर १८ पॉइंट. मुख्य मजकुरासाठी दोन्ही सारखेच. फरक तळटिपांत पडतो. सेटस्पेस तळटिपा आणि आकृत्या एकेरी अंतरावर ठेवतं, आणि १० पॉइंटाच्या मराठी तळटिपेला १२ पॉइंटांत श्वास घेता येत नाही. लाइनस्प्रेडने तिथेही १५ पॉइंट मिळतात. म्हणून मराठीसाठी लाइनस्प्रेडच घ्या.

पानाच्या माथ्यावर चालू शीर्षक असेल तर फॅन्सीएचडीआर ‘हेडहाइट कमी आहे’ म्हणून प्रत्येक पानावर कुरकुर करेल. जिओमेट्रीत हेडहाइट=१८ पीटी द्या. आणि दोन्ही बाजूंनी छापणार असाल तर ‘रॅगेडबॉटम’ लिहा. टूसाइड पर्यायात लाटेक प्रत्येक पानाची शेवटची ओळ तळाला टेकवायला बघतं आणि त्यासाठी परिच्छेदांमधल्या आणि शीर्षकांभोवतीच्या जागा ताणतं.

रफार

पायटीप यांनी तोडण्याच्या नियमांबद्दल लिहिलं त्यात भर. शब्द तुटूच नयेत असं कोणाला वाटत असेल तर फॉन्टाच्या कंसात हायफनकॅर=नन. ललित मजकुराला ते शोभतं. पण १५ सेंमीच्या ओळीत शास्त्रीय परिभाषा असेल तर तोडू द्यावं असंच माझंही मत.

आधीच्या उत्तरात इटॅलिक राहिलं. शोभिकेत साधा आणि ठळक असे दोनच साचे आहेत. ‘एम्फ’ लावलं की लाटेक तिरपा साचा शोधतं, सापडत नाही, साधाच लावतं, आणि तुम्ही भर दिलेला शब्द बाकीच्यांसारखाच दिसतो. ऑटोफेकस्लँट=०.२ ने अक्षरं तिरपी करता येतात, पण शिरोरेषेखाली लटकणारी अक्षरं तिरपी केली की काने झुकलेले दिसतात. त्यापेक्षा ‘डिक्लेअरएम्फसीक्वेन्स’च्या कंसात बीएफसीरीज द्या, मग एम्फ म्हणजे ठळक होईल. मराठी छपाईत भर देण्याची रीत हीच आहे.

जुळारी

संदर्भसूची राहिली. बिब फाइलीत (संदर्भांच्या नोंदींची फाइल) लेखकाच्या नावात स्वल्पविराम नसेल तर शेवटचा शब्द आडनाव धरला जातो. व्यक्तींना ते चालतं, संस्थांना नाही. संस्थेचं नाव दुहेरी महिरपी कंसात ठेवा, म्हणजे ते अखंड एक नाव होतं. जिल्हा परिषद, भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा, सगळ्यांना हेच. यंत्रणेच्या नावातला ‘आणि’ तसाच राहतो, पण इंग्रजी नोंदीत संस्थेच्या नावात ‘अँड’ असेल तर दुहेरी कंसाशिवाय त्याचे दोन लेखक होतात.

बिबलाटेकला (संदर्भसूचीचं पॅकेज, त्याच्या नोंदी बायबर हा प्रोग्रॅम क्रमाने लावतो) सॉर्टलोकेल=एमआर द्या. मग बायबर मराठीच्या क्रमाने लावतं: ळ हा ह नंतर आणि क्ष, ज्ञ शेवटी. हा पर्याय नसेल तर ‘क्षीरसागर’ क मध्ये सापडतात. मराठी आणि इंग्रजी ग्रंथ वेगळे छापायचे असतील तर नोंदींना कीवर्ड द्या आणि प्रिंटबिब्लिओग्राफी दोनदा वापरा, दर वेळी वेगळा कीवर्ड आणि वेगळं शीर्षक.

चालवायचा क्रम: झीलाटेक, बायबर, झीलाटेक, झीलाटेक. पहिल्या फेरीत नोंदींची यादी तयार होते, बायबर ती लावून देतं, तिसऱ्या फेरीत सूची येते आणि तिने पानं हलली म्हणून क्रमांक जुळवायला चौथी. मजकुरात दोन प्रश्नचिन्हं दिसतात ती बहुतेक वेळा यातली एखादी फेरी राहिल्याने. लाटेकएमके ला झीलाटेकचा पर्याय देऊन चालवलं की फेऱ्या तेच मोजतं. तरी प्रश्नचिन्हं राहिली तर ऑक्स, बीबीएल आणि बीसीएफ फाइली पुसून पुन्हा चालवा.

अर्धविराम

तक्ता बसला, तोडण्याचे नियम खरंच बसवलेले नव्हते. १४० वरून ११ इशारे उरले, ते हाताने बघते आहे. लाइनस्प्रेडने १४ पानं वाढली, ते चालेल.

एकच उरलं. प्रबंध जमा करताना वाङ्मयचौर्य तपासणी आणि पुढे शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर पीडीएफ जाणार. पण पीडीएफमधून ‘विहिरी’ कॉपी करून दुसरीकडे चिकटवलं की वेलांट्या आणि जोडाक्षरं उलटीसुलटी होतात. छापील प्रत ठीक आहे.

रफार

पीडीएफमध्ये अक्षरांची चित्रं त्यांच्या दिसण्याच्या क्रमाने ठेवलेली असतात. ‘वि’मध्ये वेलांटीचं चित्र आधी आणि व नंतर, आणि कॉपी करताना वाचक-सॉफ्टवेअर तोच क्रम उचलतं. जोडाक्षराच्या एका चित्रामागे मूळ तीन-चार चिन्हं असतात, तीही त्याला नीट कळत नाहीत.

प्रीअँबलमध्ये एक ओळ: झीटेकजनरेटॲक्चुअलटेक्स्ट=१. हा शब्द रोमनमध्ये ‘एक्स, ई, टी, ई, एक्स’ असा सुरू होतो. त्यातले दोन्ही एक्स आणि मधला टी कॅपिटल, बाकी सगळी लहान लिपी. ही ओळ असली की प्रत्येक शब्दामागे त्याचा मूळ युनिकोड मजकूर पीडीएफमध्ये जातो. फाइल थोडी मोठी होते. मग ‘विहिरी’, ‘दुसऱ्या’, ‘राष्ट्रीय’ आणि ‘कर्तृत्व’ हे चार शब्द शीर्षकातून, मजकुरातून, तळटिपेतून आणि तक्त्यातून कॉपी करून साध्या टेक्स्ट फाइलीत चिकटवून बघा. एकाच वाचक-सॉफ्टवेअरवर विसंबू नका, निदान दोघांत तपासा, कारण काही जुनी सॉफ्टवेअरं ही माहिती वाचतच नाहीत.